पाटावर न ठेवलेला कोयता

ठाण्यात खोपटला एस.टी. डेपोच्या मागच्या गल्लीत माझं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान होतं. लोक मला गणू कुशनवाला म्हणायचे, अजूनही म्हणतात. शेजारच्या गाळ्यात धाकू कोळी गाड्यांचे एसी दुरुस्त करायचा आणि त्याच्यानंतर त्याची बायको शेवंती. धाकूला 'एसीवाला' म्हणायला लोक आठवड्याभरात शिकले. शेवंतीला 'एसीवाली' म्हणायला मात्र त्याच लोकांची जीभ वळेना. "ती कोळीण बसते ना, तिथे," असं एकमेकांना सांगायचे, तेही माझ्या दारात उभं राहून. मी दोरा दातांत धरून ऐकून घ्यायचो, कारण गिऱ्हाईक. पण माझं डोकं फिरायचं.

शेवंती चेंदणी कोळीवाड्यातली. नौपाड्याच्या बाजारात मासळी विकायला बसायची. एखादी बाई पापलेटचे कल्ले उघडून उघडून बघायला लागली की ती विचारायची, "घ्यायचाय, का नुसता बगन्याचा कार्यक्रम हाय?" आवाज असा, की पलीकडच्या पाटीवरची गिऱ्हाइकंसुद्धा दचकून हातातला मासा खाली ठेवायची. हळू बोलणं तिला कधी जमलंच नाही, आणि जमवायची इच्छाही नव्हती.

धाकू स्वभावाने शांत, पण तोही ओरडूनच बोलायचा, कारण त्याला ऐकू यायचं नाही. त्याचे वडील आबा आयुष्यभर होडीवर होते. खाडीचं पाणी नासलं, मासळी कमी झाली, तेव्हा आबांनी धाकूला होडीवर न नेता बर्फाच्या कारखान्यात चिकटवून दिलं. तिथल्या अजस्र यंत्रांच्या शेजारी तो ऐन तारुण्याची वर्षं उभा राहिला. गारवा कसा तयार होतो ते तिथे शिकला आणि कान तिथेच ठेवून आला. पुढे ऐंशीनंतर ठाण्यात एसीच्या गाड्या दिसायला लागल्या. फियाट-अँबेसिडरवाले हौसेने बाहेरून एसी बसवून घ्यायचे. डॅशबोर्डखाली एक खोकं लटकायचं आणि त्यातून गार वारा यायचा. तो यायचा थांबला की गाडी धाकूकडे.

आता यात एक गोम होती. गाडीवाल्यांची तक्रार बहुतेक एकच असायची, आवाज फार येतो आणि हवा गरम येते. कारणं मात्र नाना तऱ्हेची. पट्टा सैल असेल, बेअरिंग गेलं असेल, गॅस उडाला असेल, पंखा अडकला असेल. कुठला आवाज कुठून येतोय हे कळलं की अर्धं काम झालं. आणि धाकूला आवाजच ऐकू येत नव्हता. दुसरा कुणी असता तर त्याने हा धंदाच केला नसता. धाकूने बायकोला बोलावलं.

दुपारी बाजार उठला की शेवंती रिकामी पाटी घेऊन गाळ्यावर यायची. धाकू गाडीचं बॉनेट उघडून दोन्ही हात पाइपांवर ठेवायचा. शेवंती त्याच्या शेजारी वाकून डोळे मिटायची.

"आवाज बोल," धाकू ओरडायचा.

"डब्यात खडे घालून हलवल्यावानी हाय," ती त्याच्या कानात ओरडायची.

"सारका का थांबून थांबून?"

"सारका. गाडीला दम दिला का वाढतो."

मग धाकू मान हलवायचा आणि नेमक्या नटाला पाना लावायचा. कधी उलट व्हायचं. धाकू तिचा हात धरून एका पाइपवर ठेवायचा, मग दुसऱ्यावर. "यो तापलेला पायजे, यो गार पायजे. दोगं कोमट असले तर गॅस नाय," असं तिला सांगायचा. दोघं बोलायला लागली की नवीन माणसाला वाटायचं, नवराबायकोचं जोरदार भांडण जुंपलंय. एकदा डेपोतला एक कंडक्टर ते सोडवायलाही आला होता. भांडण कसलं, मी इतकं गुण्यागोविंदाचं जोडपं पाहिलं नाही. तो तिचे कान वापरायचा आणि ती त्याचे हात.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात धाकू जेवता जेवता गेला. तेरावं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्याचं शटर वर गेल्याचा आवाज आला. मी बाहेर येऊन बघतो तर शेवंती. कपाळ मोकळं, पदर कमरेला खोचलेला. मी म्हणालो, "वहिनी, थोडे दिवस थांबायचं होतं."

"थांबून काय व्हनार, गनूभाऊ? मानूस परत येनार हाय का? गाड्या उभ्या हायत."

बाजारातली जागा तिने नणंदेला देऊन टाकली. मासे कापायचा कोयता तेवढा घेऊन आली आणि गाळ्यात खिळ्याला टांगला. रबरी नळ्या कापायला त्याच्याइतकं चांगलं हत्यार नाही, असं तिचं म्हणणं.

पहिले महिने वाईट गेले. गाड्या गल्लीत शिरायच्या, लुगड्यातली बाई बघून तशाच मागे वळायच्या. एक पांढऱ्या सफारीतले गृहस्थ तिला म्हणाले, "मेकॅनिक कुठे आहे?"

"तुमच्या म्होरं हाय."

"नाही, मेकॅनिक, मेकॅनिक."

"मंग बसा इथं. पुडल्या जल्मी पुरुष व्हऊन येते."

गृहस्थ बसले नाहीत, गेले. मी तिला म्हणालो, जरा गोड बोललीस तर गिऱ्हाईक टिकेल. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने मशीनवर जाऊन बसलो. चुका तिच्याही व्हायच्या. एकाचा पट्टा बदलून दिला आणि बिघाड निघाला बेअरिंगचा. तो माणूस परत आला. शेवंतीने चूक कबूल केली, पण आवाज असा चढवून की चूक आपलीच असावी असं त्याला वाटलं. काम मात्र पुन्हा करून दिलं, आणि तो माणूस पुढे दुसरीकडे कधी गेला नाही. हळूहळू माणसं टिकली. कल्याणपासून, डोंबिवलीपासून गाड्या यायला लागल्या.

गाळा चालायला लागला तसा धाकूचा धाकटा भाऊ मोरू यायला लागला. तो टेंपो चालवायचा. आधी वाटेत चहाला थांबायचा, मग खुर्ची घेऊन बसायला लागला, मग गिऱ्हाइकांशी बोलायला लागला. "यसीत काय हाय एवढं? गॅस भरायचा," असं मला सांगायचा. त्याच्या मनात गाळा होता. त्याने तो आबांच्या कानावर घातला, कारण गाळा आबांच्या नावावर होता आणि दुसरी चावी त्यांच्या कमरेला असायची. आपण एक मेकॅनिक ठेवू, गाळा आपण सांभाळू, वहिनीने घरी बसावं किंवा पुन्हा मासळीला जावं, भावाच्या बायकोने परक्या पुरुषांच्या गाड्यांखाली वाकणं कोळीवाड्यात बरं दिसत नाही, असा त्याचा सगळा पाढा.

आबा सत्तरी ओलांडलेले, बोलायला कमी. त्यांनी एक जुनी रीत पुढे केली. कोळ्यांत होडीची पूजा जो करतो तोच ती पाण्यात नेतो. दोन भावांत वाद असला तरी पूजेला कोण बसला यावरून होडी कुणाची ते गाव समजतं. तसंच इथेही, असं ते म्हणाले. धाकू गेल्यानंतरचा पहिला दसरा सुना गेला होता, घरात वर्षभर सण नव्हता. वर्षश्राद्ध झालं, आता ब्याण्णवचा दसरा येत होता. दसऱ्याला गाळ्यातल्या हत्यारांची पूजा जो करेल त्याचा गाळा. आणि पूजेला विधवेने बसायचं नसतं, हे कुणी वेगळं सांगायला नकोच होतं. म्हणजे निकाल आधी लागलेला आणि रीत नंतर शोधलेली.

मला हे कळलं तेव्हा मी संतापलो. मी शेवंतीला म्हणालो, "तू गप्प कशी? बाजारात पापलेटवरून भांडायचीस, आणि इथे गाळा चाललाय."

ती एका गाडीचा पट्टा ताणून बघत होती. म्हणाली, "पूजाच करायची ना त्याला? करू दे."

मला तिचा राग आला. खरं सांगतो, दसऱ्यापर्यंत मी तिच्याशी नीट बोललो नाही. बाई हरली, असंच मी धरून चाललो.

दसऱ्याला सकाळपासून ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं. मोरू नवी पँट-शर्ट घालून आला, बरोबर झेंडूच्या फुलांची मोठी पिशवी आणि सुतळीचं बंडल. आबांना खुर्ची दिली. गाळ्यात पाट मांडला, त्यावर नवं कापड, त्यावर धाकूचे पाने, स्क्रूड्रायव्हर, पकडी, गॅस मोजायच्या नळ्या. हळदकुंकू, अक्षता, सोनं म्हणून आपट्याची पानं, सगळं साग्रसंगीत. खिळ्यावरचा कोयता बघून तो म्हणाला, "यो नको पाटावर. मासलीचा हाय." आणि शेवंतीला म्हणाला, "वयनी, तू जरा उंबऱ्याभायर थांब. बरं दिसत नाय."

वर्षभर त्याच पान्यांना तिचे हात लागत होते तेव्हा सगळं बरं दिसत होतं. माझ्या ओठांवर आलं होतं, पण दुसऱ्याच्या घरातलं म्हणून गिळलं. शेवंती माझ्या दुकानात आली आणि गाळ्याकडे पाठ करून स्टुलावर बसली.

आता पाटावर बसलेली हत्यारं दसऱ्याला उचलायची नाहीत, ही आमच्या सगळ्यांचीच रीत. सुतार रंधा उचलत नाही, शिंपी कात्री उचलत नाही. माझंही मशीन त्या दिवशी हार घालून बंद होतं. दुसऱ्या दिवशी नारळ वाढवून मग पुन्हा काम.

मोरूने पूजा केली, आरती केली, आणि उरलेल्या फुलांचे हार ओवायला बसला. हार घालायचा त्याला भारी सोस. शटरला घातला, गॅसच्या टाकीला घातला, माझ्या दुकानाच्या पाटीलाही घालून गेला. गल्लीत दामाजीशेटची गाडी उभी होती. दामाजी दिवा गावचा, तिथे बिल्डिंगा बांधायचा. शेवंतीने आदल्या दिवशी त्याच्या गाडीचा पट्टा बदलून गॅस भरून ठेवला होता, आणि दसऱ्याचा मुहूर्त म्हणून तो आज न्यायला येणार होता. मोरूने उरलेला सगळ्यात लांब हार तिच्या पुढच्या जाळीवर आडवा, दुहेरी करून बांधला. दामाजी आला, बरोबर त्याची आई जाईबाई, अंगावर जरीचं जड लुगडं. हार बघून खूश झाला. नौपाड्यात सोनं घ्यायला म्हणून एसी लावून, काचा वर करून दोघं निघाली. मोरूने त्यांना हात केला. मालक म्हणून पहिला निरोप.

मी शेवंतीसाठी चहा सांगितला. तिने तो घेतला आणि थंड होऊ दिला.

जेवणाच्या सुमाराला गाडीचा आवाज आधी आला आणि गाडी नंतर. खरर्र, खट खट, पुन्हा खरर्र. गाळ्यासमोर येऊन दामाजी दार आपटून उतरला. काचा सगळ्या खाली. जाईबाई मागच्या सीटवर पदराने वारा घेत होती, कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलं होतं.

"ही दुरुस्ती?" दामाजी म्हणाला. "यसी लावला का भट्टी पेटते. आवाज तर असा का सराफाच्या दुकानातली मानसा भायर आली बगायला."

मोरू लगेच आबांकडे वळला. "मी सांगत व्हतो का नाय, आबा? बाईच्या हातचा काम. कालच केलंय वयनीनी. कॉम्प्रेसर गेला असनार. शेट, आज हत्यारा उचलायची नायत. उद्या माजा मेकॅनिक येतोय, तो बगल."

आबांनी मान खाली घातली. त्यांनी कमरेच्या चावीला हात लावला. मला दिसत होतं काय होणार ते. ही गाडी दुसऱ्याच्या हातात गेली की उद्या दिव्यात, परवा कल्याणात, शेवंतीने बिघडवलेली गाडी म्हणून तिचा डंका. मग पूजेचीही गरज नाही, रीतीचीही नाही. गाळा मोरूचा, आणि बाईने आपल्या मर्जीने नाही, तर नालायक ठरून घरी जायचं.

शेवंती माझ्या दुकानातून उठली. पदर खोचला. सरळ गाडीसमोर आली.

"वयनी, हत्यारांना हात लावायचा नाय," मोरू म्हणाला.

"नाय लावत. ती तुमची हायत. यो हात माजा हाय, त्याची पूजा तुमी केली नाय."

तिने दामाजीला गाडी चालू करायला सांगितली, एसी बंद ठेवून. गाडी शांत. मग एसी लावायला सांगितला. खरर्र, खट खट.

"बग, कॉम्प्रेसर," मोरू म्हणाला.

"यसी लावला का दोन वस्तू सुरू व्हतान, भावजी. कॉम्प्रेसर बी आनि म्होरचा पंखा बी." तिने बॉनेट उघडलं आणि एका पाइपला हात लावून झटकन काढला. "आबा, यो बगा केवडा तापलाय. गॅस उडाला असता तर यो तापला नसता. गॅस जागेवर हाय. मी भरलेला गॅस जागेवर हाय." शेवटचं वाक्य तिने मोरूकडे बघून म्हटलं, आणि ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल.

मग ती खिडकीपाशी गेली. "जाईबाय, गाडी सगल्या वाटंनी तापली का मधी कदी गार झाली?"

दामाजी बोलायला गेला, पण म्हातारीने त्याला थांबवलं. गरम वारा खाल्लेला तिने होता. "हायवेला गाडी पलाली तवा जरा बरा वाटला. तलावपालीच्या गर्दीत उभी रायली तवा पार शिजले. मी याला बोलले, काचा खाली कर, तर बोलतो, यसीच्या गाडीची काच खाली करत नाय. लोक हसतात."

शेवंतीही हसली, त्या दिवशी पहिल्यांदा. समजावून सांगितलं ते आबांना, पण ऐकत सगळी गल्ली होती. गाडीतली उष्णता पुढच्या जाळीमागच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्यांपर्यंत येते आणि तिथून बाहेर जाते. गाडी पळते तेव्हा वारा आपोआप लागतो. गाडी उभी असली की तो वारा पट्ट्यांपुढचा छोटा पंखा घालतो. पळताना गार आणि उभी असताना गरम, म्हणजे पंखा वारा घालत नाही.

"नुसत्या बोलन्यावर कशाला जायचं?" ती मला म्हणाली. "गनूभाऊ, तुमचा हंडा द्या."

मी माझ्या दुकानातला पिण्याच्या पाण्याचा हंडा आणून दिला. गाडी चालू ठेवून तिने जाळीतून त्या पट्ट्यांवर पाणी ओतायला सुरुवात केली. पाण्याची वाफ झाली. थोड्या वेळाने गाडीतून जाईबाईचा आवाज आला, "आला गो, गार वारा आला." हंडा संपला तसा वारा पुन्हा कोमट झाला. पण झालं ते सगळ्यांनी बघितलं होतं. एसी शाबूत होता, त्याची उष्णता फक्त बाहेर पडत नव्हती.

"आबा," शेवंती म्हणाली, "हिकडं या. आवाज आयका."

आबा खुर्चीवरून उठले. ते गाडीसमोर वाकले आणि त्यांनी डोळे मिटले. मला एकदम धाकू आणि ती आठवली, तीच जागा, तसंच वाकणं.  आबा बराच वेळ तसेच राहिले. मग सरळ होऊन म्हणाले, "पंख्यात दोर गेलाय."

कोळ्यांच्या इंजिनाच्या होडीला मागे पाण्यात पंखा असतो. जाळ्याचा दोर त्यात गुंतला की इंजिन कण्हतं, खरडतं आणि होडी जागची हलत नाही. भर पाण्यात हा आवाज ज्याने ऐकला तो मरेपर्यंत विसरत नाही. आबा तो आवाज ऐकत म्हातारे झाले होते. शेवंतीनेही बापाच्या होडीवर तो ऐकला असणार.

"मना बी तेच वाटला," ती म्हणाली. "पन तुमच्या तोंडून पायजे व्हता."

दामाजीने गाडी बंद केली. आता पुढची जाळी उघडायला हवी होती, आणि तिला चार स्क्रू. स्क्रूड्रायव्हर पाटावर, कुंकू लावलेला, झेंडूच्या फुलाखाली. मोरू पाटासमोर जाऊन उभाच राहिला, हात पसरून. शेवंती त्याच्या बाजूने गेली. तिने पाटाकडे ढुंकूनही बघितलं नाही. खिळ्यावरचा कोयता काढला आणि बाहेर आली.

"वयनी, दसऱ्याला हत्यार..."

"यो कुनी पुजला नाय, भावजी. मासलीचा म्हून तुमीच बाजूला ठेवला. यो मोकला हाय."

कोयत्याचं टोक स्क्रूच्या खाचेत घालून तिने एकेक स्क्रू फिरवला. जाळी निघाली. आत त्या छोट्या पंख्याच्या मधल्या दांड्याला सुतळी घट्ट गुंडाळली होती आणि तिच्यात झेंडूचा पिवळा लगदा. पाती कशीबशी फिरत असणार आणि फुलांची देठं त्यांना घासत असणार. जाळीला हाराचा एक तुटका तुकडा अजून लोंबत होता. गाडी आल्यापासून तो आम्हा सगळ्यांसमोर होता, पण दसऱ्याला कुठल्या गाडीचा हार तुटलेला नसतो? तिकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

शेवंतीने कोयत्याने सुतळी कापली, बोटांनी ओढून ओढून बाहेर काढली. हाताएवढा लांब, पिवळा, चेंगरलेला हार. तो तिने मोरूच्या हातात दिला.

"घ्या भावजी. तुमच्या पूजेचा परसाद."

  मोरू हार हातात घेऊन उभा, टाकताही येईना आणि ठेवताही येईना. मला काय वाटलं ते सांगतो. मला अतिशय आनंद झाला. असा आनंद दुसऱ्याच्या फजितीने होऊ नये म्हणतात, पण मला झाला आणि अजून आठवला की होतो.

शेवंतीने जाळी बसवली. दामाजीने गाडी चालू केली, एसी लावला. पंखा सुरळीत फिरला. थोड्या वेळात जाईबाईने पदर अंगाभोवती ओढून घेतला आणि म्हणाली, "आता बंद कर रे, थंडी वाजतेय." दामाजीने शेवंतीला हात जोडले आणि मोरूकडे न बघता गाडीत बसला. काचा वर गेल्या. गाडी गल्लीतून नुसत्या इंजिनाच्या आवाजाने बाहेर पडली.

मग उरलो आम्ही चौघं. आबा पाटाजवळ उभे होते. त्यांना स्वतःचा शब्द मोडायचा होता आणि म्हाताऱ्या माणसाला ते सोपं नसतं. जो पूजा करेल त्याचा गाळा, हे त्यांनीच म्हटलेलं. पूजा तर मोरूने केलेली, पाटावर दिसतच होती. शेवंती गाळ्याच्या पायरीवर बसून फडक्याने कोयता पुसत होती.

आबांनी पाटावरचं झेंडूचं एक फूल उचललं, चिमूटभर कुंकू घेतलं आणि तिच्यासमोर आले. "हिकडं आन तो," ते म्हणाले. "याला फूल वाहतो. याची बी पूजा झाली का गाला तुजा. मंग कोन काय बोलनार नाय."

मोरूने मान वर केली.  एवढ्यासाठीच तर सगळं होतं. फूल कोयत्यावर पडलं की झालं.

शेवंतीने कोयता मागे घेतला.

"नको, आबा," ती म्हणाली. "फूल वायला का आज त्याला बसवून ठेवायला लागल. अजून काम आला तर?"

 आबा रागावतील असं मला वाटलं. मग त्यांनी ते फूल आपल्या टोपीत खोचलं, कमरेची चावी सोडली आणि पायरीवर तिच्या शेजारी ठेवली. "मंग शटर उगडं ठेव," म्हणाले आणि चेंदणीच्या दिशेने चालायला लागले. मोरू त्यांच्या मागोमाग गेला. हार अजून त्याच्या हातातच होता.

पुढे कित्येक दसरे मी तिच्या शेजारी काढले. दर दसऱ्याला ती स्वतः पाट मांडायची, धाकूचे पाने पुजायची, कुंकू वाहायची. कोळीवाड्यातल्या बायका आधी कुजबुजल्या, मग आरतीला यायला लागल्या. कोयता मात्र तिने कधी पाटावर ठेवला नाही. तो खिळ्यावर, उघडाच. आणि दसऱ्याला सगळी गल्ली बंद असताना एक शटर वर असायचं.